शनिवारी दुपारी बारापर्यंत

अकरावी-बारावीच्या सर्व विद्यार्थ्यांना, आणि त्यांच्या पालकांनाही.

आपल्या महाविद्यालयाच्या नावाने इन्स्टाग्रामवर जे ‘कन्फेशन’ पेज चालतं, ते चालवणाऱ्यांना शनिवारी दुपारी बारापर्यंतची मुदत आहे. तोवर माझ्या केबिनमध्ये या, येताना आईला किंवा वडिलांना बरोबर आणा. पेज गुपचूप बंद करून सुटका होईल असं समजू नका. लिंक, तारखा आणि स्क्रीनशॉट सोमवारीच तक्रारीला जोडले गेले आहेत.

पालकांनी हे पेज पाहिलं नसेल, म्हणून त्यातलं एकच सांगते. बोलताना अडखळणारा एक मुलगा आपल्याकडे आहे. तोंडी परीक्षेत त्याची झालेली अडचण कोणीतरी बाकाखालून मोबाईलवर टिपली, तिच्यावर ढोलकीचा ठेका चढवला आणि रील सोडलं. तेव्हापासून हजेरीत त्याचा नंबर आला की मागून बाकावर तोच ठेका वाजतो. त्याने ‘येस मॅडम’ म्हणणंच सोडून दिलं. पोरगं वर्गात बसलेलं आणि हजेरीपटात गैरहजर! शेवटी गैरहजेरीचं पत्र घरी गेलं तेव्हा वडील विचारायला आले. इतके दिवस शेजारच्या एकालाही ‘मॅडम, तो इथेच आहे’ एवढं म्हणावंसं वाटलं नाही, याचा मला ठेका धरणाऱ्यांपेक्षा जास्त राग आहे. हे सगळं मी त्याला विचारून लिहिते आहे. त्याचं नाव घेऊन कुजबुज नको.

‘गंमत केली मॅडम’ हे उत्तर मला पाठ आहे. गंमतच होती, तर पेजवर स्वतःचं नाव का घातलं नाही?

महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगबंदीचा कायदा आहे. रॅगिंग म्हटलं की तुम्हाला होस्टेल आणि मेडिकलची पोरं आठवतात. कायद्यात मात्र चिडवणं, शिवीगाळ, धमकावणं, विद्यार्थ्याला भीती किंवा लाज वाटेल, मानसिक इजा होईल असं कुठलंही वागणं येतं, आणि तेही संस्थेच्या आत असो वा बाहेर. घरी गादीवर लोळत रात्री टाकलेली पोस्ट ‘कॉलेजबाहेरची’ म्हणून सुटत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोष सिद्ध झाला की महाविद्यालयातून नाव कमी, आणि पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश नाही. नीट-जेईईच्या क्लासला पैसे भरून बसलेल्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

याच कायद्याने माझेही हात बांधले आहेत. तक्रार आल्यापासून सात दिवसांत चौकशी करायची, सकृद्दर्शनी तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलीस ठाण्याकडे पाठवायची. यात चालढकल करणारा संस्थाप्रमुख रॅगिंगला साथ देणारा धरला जातो. तेव्हा ‘आपसात मिटवू’ म्हणत कोणी वरून फोन आणू नये. माझी मुदत सोमवारपासूनच सुरू झाली आहे.

दुसऱ्या प्रकाराला मात्र कुठलीच मुदत नाही. गॅदरिंगच्या फोटोतला एका मुलीचा चेहरा उचलून एका अ‍ॅपवर उघड्या शरीराला जोडण्यात आला. मुलगी 18 वर्षांच्या आतली आहे. ‘पोक्सो’ कायद्याच्या कलम 19 नुसार अशी माहिती मिळालेल्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मी ते त्याच दिवशी कळवलं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67ब नुसतं चित्र बनवणाऱ्यापुरतं नाही. ते शोधणारा, डाउनलोड करणारा, पुढे पाठवणारा, सगळे त्यात येतात; पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ म्हणणारा आपण गुन्हा कबूल करतोय हे विसरतो. पुरावा म्हणूनसुद्धा तो फोटो मला, सरांना किंवा आईला पाठवू नका. लिंक, अकाउंटचं नाव आणि वेळ कागदावर लिहून द्या. ज्यांच्या मोबाईलमध्ये तो आला आहे त्यांनी तसं येऊन सांगा. घाबरून फोन फॉरमॅट मारणाऱ्यावर पुरावा नष्ट केल्याचा आणखी एक गुन्हा लागू शकतो.

‘ते आयटी कायद्याचं 66अ कलम रद्द झालंय ना?’ असं विचारणारा एक हुशार प्रत्येक वर्गात असतो. झालं, 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयाने केलं, आणि बरंच केलं. 2012 मध्ये त्याच कलमाखाली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका साध्या मतापायी अटक झाली होती. एकीने लिहिलं होतं, दुसरीने नुसतं लाईक केलं होतं. पण त्या मुली मुंबई बंद झाल्याबद्दल बोलत होत्या. तुम्ही वर्गातल्या मुलाच्या जिभेवर आणि मुलीच्या अंगावर उठला आहात. त्या दोघींच्या आडोशाला उभं राहू नका.

वय 18 भरलेलं नाही म्हणून निर्धास्त असलेल्यांना बाल न्याय मंडळापुढे उभं राहावं लागतं, आई-वडिलांसकट. अकाउंट खोटं असेल, पण सिम कोणाच्या नावावर आहे? बहुतेकांचं बाबांच्या. पोलीस आधी त्यांना गाठतील, ते दुकानात असोत की शेतात.

पालकांनो, आज रात्री मुलाला समोर बसवून विचारा. मारझोड नको, मोबाईल हिसकावून फोडणंही नको. त्या मोबाईलमधल्या पुराव्यातच कदाचित दुसऱ्याच्या मुलाची सुटका असेल. आणि तुमचंच मूल भोगत असेल तर ‘तू तो फोटो काढलासच कशाला’ हे पहिलं वाक्य तोंडातून काढू नका.

ज्यांना त्रास होतोय त्यांनी मुदतीची वाट पाहायची नाही. चाइल्डलाइन 1098, सायबर गुन्ह्यांसाठी 1930, मन फार खचलं असेल तर टेलि-मानस 14416. महिला आणि मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांची तक्रार केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही करता येते.

शनिवारी सकाळी नऊपासून मी केबिनमध्ये आहे. बाहेर शिपाई नसेल, रजिस्टरमध्ये सही करायला लागणार नाही. येत्या सोमवारी पोलीस ठाण्यात जाणाऱ्या अहवालात दोन वेगळ्या याद्या असतील: स्वतःहून कोण आलं, आणि कोणाला शोधून काढावं लागलं.

— प्राचार्या