किरणोत्सर्गी मापकयंत्रांची मालकी

रस्त्याच्या भरावाची घनता व ओलावा जागेवरच मोजणारे, एकट्या माणसाला उचलून नेता येईल असे यंत्र, त्यात सीझियम-137 आणि अमेरिशियम-241 यांचे स्रोत बसविलेले असल्यामुळे, अणुऊर्जेचा कायदा आणि किरणोत्सर्ग संरक्षणाचे नियम यांच्या अमलाखाली येते, आणि मुंबईच्या अणुशक्तिनगरातील नियामक मंडळाच्या अनुमतीवाचून ते बाळगता येत नाही, हे सर्वथा उचित आहे. परंतु सीझियमची तीव्रता निम्मी होण्यास सुमारे 30 वर्षे आणि अमेरिशियमची होण्यास 432 वर्षे लागतात. इतका काळ कोणत्या ठेकेदाराची पेढी टिकणार? दिल्ली विद्यापीठात दीर्घकाळ पडून राहिलेले कोबाल्ट-60चे उपकरण 2010 साली भंगार म्हणून लिलावात विकले गेले आणि दिल्लीतीलच मायापुरीत त्याच्या किरणोत्सर्गाने एका कामगाराचा जीव गेला. ते उपकरण या मापकयंत्राहून कितीतरी प्रबळ होते हे खरे, तथापि दप्तरी मालक असूनही प्रत्यक्ष काळजी वाहणारा कोणीच नसणे, हे त्या अनर्थाचे मूळ येथेही संभवते. म्हणून स्रोत परत पाठविण्याच्या खर्चाची अनामत खरेदीच्या वेळीच घेतली जावी, आणि पेढीवर जप्ती आलीच तर हे यंत्र लिलावाच्या यादीतून वगळून प्रथम नियामकाच्या हवाली करावे, असा निःसंदिग्ध दंडक हवा.