कपिलधारची वाट
अहमदपूरच्या वीरशैव लिंगायत धर्मगुरू डॉ. शिवलिंग शिवाचार्य महाराजांनी १ सप्टेंबर २०२० रोजी नांदेडमध्ये देह ठेवला, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडली होती. डॉक्टरकी शिकलेले महाराज मठात बसून राहिले नाहीत. गावोगाव फिरले, दारू सोडा म्हणून विनवत राहिले. पण माझ्या लेखी त्यांचं मोठं काम म्हणजे कपिलधारची पदयात्रा. लातूर जिल्ह्यातून बीडच्या डोंगरात, संतकवी मन्मथस्वामींच्या समाधीपर्यंत. भाळी भस्म, गळ्यात इष्टलिंग, हातात टाळ, मुक्कामाला पिठलं-भाकरी आणि रात्री शिवकीर्तन. अक्षरओळख नसलेल्या बायाबापड्यांच्या ओठी मन्मथस्वामींचे अभंग रुजले ते अशा चालण्यातूनच. गाण्याची शिकवणी न लावलेली ही माणसं आजही चाल अचूक धरतात.