'फार्गो'त हसायचं कुठे?

'फार्गो' आवडला नाही असं कुणी सांगितलं तर मला त्याचं काही वाटत नाही. कुणाला कारलं आवडत नाही, तसंच ते. पण त्यानंतर जी दोन वाक्यं हमखास ऐकू येतात, त्यांनी माझं डोकं फिरतं. न आवडलेला म्हणतो, "माणसं मरताना हसायला लावणारा विकृत सिनेमा." आवडलेला त्याला लगेच म्हणतो, "तुला तो कळलाच नाही." झालं! पुढची वीस मिनिटं याच दोन वाक्यांची फेकाफेक. आमच्या घरात, नातेवाइकांत, मित्रांत गेली कित्येक वर्षं हेच चाललंय. माझं स्पष्ट मत आहे की या दोन्ही पार्ट्या एकाच गोष्टीपासून पळ काढतायत. त्याबद्दलच आज जरा सविस्तर.

(ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी कृपया आधी पाहून या. पुरता पावणेदोन तासांचाही नाही, आणि पुढे मी सगळं सांगून टाकणार आहे. मग बोंब मारू नये.)

तर सिनेमा १९९६चा. जोएल आणि ईथन या कोएन बंधूंचा. दोघंही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनिआपोलिसच्या एका उपनगरात वाढलेले, आणि गोष्टही तिथलीच. जेरी लुंडेगार्ड हा सासऱ्याच्या गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी करणारा, पैशाच्या भानगडीत गळ्यापर्यंत बुडालेला माणूस. तो दोन गुंडांना चक्क स्वतःच्या बायकोला पळवायची सुपारी देतो, कारण सासरा श्रीमंत आहे आणि लेकीसाठी खंडणी भरेल. गुंडांना सांगतो, खंडणी ८० हजार डॉलर, अर्धे तुमचे, वर एक नवी गाडी. सासऱ्याला सांगतो १० लाख. आता असल्या योजनेचं जे व्हायचं तेच होतं. पहिल्याच रात्री हायवेवर एक पोलीस मरतो, पाठोपाठ ते पाहणारं एक जोडपं. तपासाला येते ब्रेनर्ड गावची पोलीसप्रमुख मार्ज गंडरसन, सात महिन्यांची गरोदर. सिनेमा संपेपर्यंत सात माणसं मरतात आणि त्यातल्या शेवटच्याचा पाय लाकडाचा भुगा करणाऱ्या यंत्रातून वर आलेला आपल्याला दिसतो.

जाणकारांनी याला डोक्यावर घेतलं. कानमध्ये दिग्दर्शनाचं पारितोषिक, मार्ज झालेल्या फ्रान्सेस मॅकडॉरमंडला ऑस्कर, पटकथेला ऑस्कर. तरीही आमच्याकडे हा सिनेमा लावला की अर्धी मंडळी खुर्चीत लोळून हसतात आणि अर्धी मंडळी त्या हसणाऱ्यांकडे संशयाने बघतात. का?

"रक्त फार आहे हो" हे उत्तर मला मान्य नाही. हेच काका आणि हीच मावशी दर रविवारी टीव्हीवर हीरोला वीस-पंचवीस माणसं आडवी करताना पाहतात आणि मधे उठून चहा टाकतात. सात हा आकडा कुणालाच जास्त वाटायला नको. "मरणावर विनोद नको" हेही खरं नाही. 'जाने भी दो यारो' (१९८३) आपल्या सगळ्यांचा लाडका. त्यात कमिशनर डिमेलोचं प्रेत गावभर फिरवतात, साडी नेसवून थेट महाभारताच्या नाटकात द्रौपदी म्हणून उभं करतात, आणि आपण पोट धरधरून हसतो. त्यावरून कुणाच्या घरात भांडण झालेलं मी तरी ऐकलेलं नाही.

फरक कुठे आहे? डिमेलो लाचखाऊ होता. त्याच्या प्रेतावर हसायचा परवाना आपल्याला आधीच मिळालेला असतो. शिवाय ते नाटकातलं नाटक, सगळे मोठमोठ्याने ओरडतायत, गदा काय, धनुष्य काय. म्हणजे 'आता हसा' असं सिनेमा आपल्याला कोपरखळी मारून सांगतो. आपली मराठी रंगभूमीही हेच करते. चांगला विनोदी नट वाक्य टाकतो, क्षणभर थांबतो, हशा घेतो आणि मग पुढे जातो. प्रेक्षक आणि नट यांच्यातला हा जुना करार आहे.

'फार्गो' हशा घेतच नाही. इथेच सगळी मेख आहे.

अपहरणाचा प्रसंग आठवा. जेरीची बायको जीन कोचावर बसून विणकाम करतेय, समोर टीव्ही चालू. बाहेर काचेशी एक बुरखेवाला येतो, हातात पहार, आणि आत डोकावतो. ती बाई घाबरायच्या आधी नुसती कुतूहलाने बघत राहते! काच फुटते, पळापळ होते, ती एकाच्या हाताला कडकडून चावते. तो चावलेला गुंड पाठलाग सोडून बाथरूममध्ये मलम शोधत बसतो. ती आंघोळीच्या पडद्यामागे लपलेली. पुढच्या क्षणी ती पडद्यासकट बाहेर धावते, पडद्यात गुरफटून दिसेनासं होऊन भेलकांडते आणि जिन्यावरून गडगडत खाली. हे चार्ली चॅप्लिनच्या सिनेमात असतं तर आपण टाळ्या पिटल्या असत्या. पण ही एक साधी गृहिणी आहे, तिने कुणाचं काही बिघडवलेलं नाही, आणि तिचा जीव जाणार आहे. कॅमेरा शांत. नंतर घरी आलेला जेरी काय करतो? सासऱ्याला फोन करण्याआधी रडक्या आवाजाची तालीम करतो. दोन-तीन पट्ट्या लावून बघतो, कुठली बरी वाटते ते!

आता सांगा, हसायचं का नाही? सिनेमा सांगत नाही. संगीताकडे मदत मागाल तर कार्टर बर्वेलचं संगीत अख्ख्या सिनेमाभर असं गंभीर आणि करुण, जणू काही एखादी महान शोकांतिका चाललीय. पात्रांकडे पाहाल तर कुणालाच आपण विनोदी आहोत याचा पत्ता नाही. मग हसू येतं ते आपलं आपल्याला येतं. त्याची जबाबदारी ना दिग्दर्शकावर, ना नटावर. अंधारात आपणच फिसकन हसलेलो असतो आणि शेजारच्याने ते ऐकलेलं असतं. मग भांडण होणारच.

आणि कोएन बंधूंना हे पक्कं ठाऊक आहे, याचा पुरावा सिनेमातच आहे. जीनला ते दोघे तळ्याकाठच्या एका केबिनपाशी आणतात. तिच्या डोक्यावर टोपडं चढवलेलं, हात बांधलेले. गाडीतून उतरवल्यावर ती बिचारी आंधळेपणाने बर्फात पळत सुटते, इकडे धडपड, तिकडे धडपड. ते बघून कार्ल नावाचा गुंड खदखदून हसतो. त्याचा जोडीदार गेअर दगडासारखा मख्ख उभा. झालं, प्रेक्षकांच्या दोन्ही जाती पडद्यावर हजर! एक हसणारा, एक न हसणारा. आणि दोघंही अपहरणकर्ते. यातला न हसणारा तर पुढे जास्त खून करतो. तेव्हा "मी हसलो नाही, म्हणून मी सज्जन" असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग जरा पुन्हा पाहावा. "मी हसलो, म्हणून मला कळला" म्हणणाऱ्यांनी तर दोनदा पाहावा. ती पळत असताना आपण नेमके कुणाच्या शेजारी उभे होतो?

माझा जास्त राग खरं म्हणजे चाहत्यांवरच आहे. सिनेमात वापरलेलं ते लाकडाचा भुगा करणारं यंत्र आज फार्गो शहराच्या पर्यटक केंद्रात ठेवलेलं आहे, आणि लोक तिथे हौसेने, त्यात पाय कोंबल्याचा अभिनय करत फोटो काढतात. (खुद्द फार्गो शहर सिनेमात फक्त सुरुवातीला एका बारमध्ये भेट होते तेवढंच, ही वेगळीच गंमत.) मजा करायला माझी ना नाही. पण ज्या प्रसंगात हसू आणि ओकारी एकदम यायला हवी, तिथली ओकारी काढून टाकून नुसतं हसू शिल्लक ठेवलं की तो प्रसंग मेला. 'विकृत' म्हणणारा निदान अस्वस्थ तरी झालेला असतो. त्याला सिनेमा लागलेला असतो. चाहत्याला कधीकधी तो लागतच नाही, आणि वर तोच दुसऱ्याला 'कळला नाही' म्हणतो. कमाल आहे!

तिसराही एक आरोप आहे आणि तो मिनेसोटातूनच आला. तिकडे स्कँडिनेव्हियन वंशाचे लोक पुष्कळ. त्यांचा तो हेल, ते प्रत्येक वाक्याला 'या, या' करणं, खून झाला तरी न सुटणारी मर्यादशीर गोडगोड बोली, यावरून तिथल्या अनेकांना वाटलं की आपली टर उडवलीय. हा राग मला समजतो. आपल्याकडेही नोकर आला की मालवणी आणि हवालदार आला की घाटी बोलतो, तेवढ्यावर हशा मिळतो, आणि त्या बोलीच्या माणसाने मुकाट गिळायचं असतं. पण 'फार्गो'त जरा हिशेब मांडून बघा. तोच हेल काढून बोलणाऱ्या मार्जएवढं हुशार अख्ख्या सिनेमात कुणी नाही. बर्फात पहाटे ओणवी होऊन, ओकारी आवरत, पाच मिनिटांत ती तीन खुनांचा क्रम बिनचूक सांगते. आणि फटाफट बोलणारा, गावंढळांना नाकं मुरडणारा, स्वतःला फार शहाणा समजणारा कार्ल? त्याचाच पाय त्या यंत्रात दिसतो. हेल ऐकून 'ही बावळट दिसते' असं ज्याला वाटलं, सिनेमाने त्याचीच टोपी उडवलीय.

एका तक्रारीत मात्र दम आहे. सिनेमा सुरू होताना पडद्यावर येतं की ही सत्यकथा आहे, १९८७ साली मिनेसोटात घडलेली, मृतांविषयीच्या आदरापोटी जसंच्या तसं सांगतोय. ही चक्क थाप आहे. (शेवटच्या श्रेयनामावलीत सगळं काल्पनिक असल्याची नेहमीची ओळ येते, पण ती वाचायला कोण थांबतंय?) यंत्राची कल्पना कनेटिकटमधल्या १९८६च्या एका खऱ्या खुनावरून सुचली, बाकी बहुतेक सगळं रचलेलं. हे कळल्यावर "आम्हाला उल्लू बनवलं" म्हणून भडकलेले लोक मला माहीत आहेत आणि त्यांचं भडकणं रास्त आहे. तरी मला विचाराल तर ही थाप उपयोगाची आहे. 'सिनेमाच तर आहे' ही पळवाट ती बंद करते. मेलेली माणसं खरी आहेत असं समजून आपण पाहतो आणि तरीही हसतो! सकाळी पेपर उघडून कुणाच्या तरी विचित्र मरणाची चार ओळींची बातमी आपण चहाबरोबर मोठ्याने वाचून दाखवतोच की. तेव्हा "ऐका, ऐका, काय झालंय" म्हणताना आपला आवाज कसा असतो, ते आठवून बघा.

मग या सिनेमात हसण्याची बरी रीत कुणाकडे आहे का? मला वाटतं, मार्जकडे आहे. ती कोरडी नाही. विनोद करते, भरपूर खाते, नवऱ्याच्या चित्राचं कौतुक करते. पण कुणाच्या फजितीला ती हसत नाही. तो जुना वर्गमित्र माइक तिला हॉटेलात भेटतो, अंगचटीला येतो, मग बायको वारल्याचं सांगून ढसाढसा रडतो (तीही थापच असते). आपल्याला हसू आवरत नाही. मार्ज त्याला आधी नीट समोर बसवते आणि मग त्याचं ऐकून घेते. बऱ्याच जणांना हा प्रसंग उगाच घुसडलेला वाटतो. मला तो सिनेमाचा कणा वाटतो.

शेवटी माझा दोन्ही पार्ट्यांना एकच प्रश्न. जेरीला एक मुलगा आहे, स्कॉटी. आई पळवली गेल्यावर बापाला त्याची आठवणही राहत नाही. सासऱ्याचा हिशेबनीस मधेच विचारतो, स्कॉटी ठीक आहे ना, तेव्हा जेरीच्या डोक्यात प्रकाश पडतो. तिथेही हसू येतं! नंतर ते पोर आपल्या खोलीत रडताना दिसतं. पुढे आई गेली, आजोबा गेले, बाप तुरुंगात. आणि सिनेमा त्याच्याबद्दल पुढे चकार शब्द काढत नाही.

इतक्या वर्षांच्या वादावादीत, विकृत म्हणणाऱ्यांपैकी एकाने किंवा ग्रेट म्हणणाऱ्यांपैकी एकाने, "त्या पोराचं पुढे काय झालं असेल रे?" असं विचारलेलं मी ऐकलेलं नाही. ज्याला तो प्रश्न पडेल तो हसला की नाही, याच्याशी मला काही देणंघेणं नाही. बाकीच्यांनी भांडत बसावं.