पासष्ट सालची गिटार घेण्याआधी



जव्हार-मोखाड्याकडच्या साखरशेतहून गायन पार्टीतल्या तरुणांचे पत्र आले आहे. भीमजयंतीच्या कार्यक्रमासाठी त्यांना इलेक्ट्रिक गिटार हवी आहे. मुंबईत एकाने जुनी दाखवली. म्हणतो, अमेरिकेची फेंडर, १९६५ सालची, म्हणून भाव चढा. वर्गणी जमली आहे ती वीटभट्टीच्या आणि रोजंदारीच्या पैशांतून. घ्यावी का, असे ते विचारतात.

आम्ही म्हणतो, आधी ती उघडून बघू देतो का ते विचारा. भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो आणि बाजारात गेलो की विसरतो.

गिटारच्या डोक्यावरचे नाव हा पुरावा नव्हे, तसली नावे चिकटवता येतात. नाव अक्षर-अक्षर वाचा. गिब्सन अमेरिकेची आणि गिवसन आपल्या कलकत्त्याची. इंग्रजीत फरक एका अक्षराचा, किमतीत मात्र फार मोठा. गिवसन घेण्यात कमीपणा नाही, पण ती गिवसनच्या भावात मिळावी.

मग नंबर. १९६५ च्या फेंडरचा नंबर मागे, मान धडाला जोडणाऱ्या चार स्क्रूंच्या पट्टीवर असतो. डोक्यावर एस किंवा ई अक्षराने सुरू होणारा नंबर दिसला, तर ती १९७६ च्या आधीची नाही. अर्थात पट्टीही चार स्क्रू काढून बदलता येते.

खरी साक्ष आत असते. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली व्हॉल्यूम कंट्रोल असतो. रेडिओ दुरुस्त करणारा कोणीही तो ओळखील. त्याच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. समजा ३०४६६१४ असे आहेत. पहिले ३०४ म्हणजे स्टॅकपोल ही कंपनी (१३७ असेल तर सीटीएस), पुढचे ६६ म्हणजे १९६६ साल, शेवटचे १४ म्हणजे त्या सालचा चौदावा आठवडा. सुटा भाग १९६६ चा, तर त्याच भागासह गिटार १९६५ ची कशी? उलट बाजूने मात्र हा हिशेब चालत नाही. फेंडरने १९६६ मध्ये असे भाग ढिगाने घेऊन ठेवले आणि ते पुढे काही वर्षे वापरले. म्हणून या आकड्यावरून गिटार ‘याच्या आधीची नाही’ एवढेच कळते. डाग दिलेला जोड नवा, चकचकीत दिसला तर भागच बदललेला असू शकतो. शक्य असेल तर मान सोडवून तिच्या टोकावरचा शिक्काही पाहा.

विकणारा स्क्रू काढू देत नसेल तर पासष्टचे पैसे देऊ नका. साधी जुनी गिटार म्हणून भाव करा, नाहीतर परत या. वामनदादा कर्डकांची गाणी गावोगाव गेली, त्यांना कोणी वाद्याचे साल विचारले नव्हते. पार्टीला हवी ती मान सरळ असलेली, सुरात राहणारी गिटार.

सोबत अमेरिकन अँप्लिफायर देत असेल तर तो किती व्होल्टचा ते बघा. तिकडचा ११० किंवा १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर थेट लावला तर जळेल. आणि अर्थिंगशिवाय कोणताही अँप्लिफायर लावू नका. तारा लोखंडाच्या, हात घामाचे, समोर मांडवात लेकरे बसलेली असतात.