फुकट घेतलेल्या कीज पाडव्यापर्यंत परत करा

छत्रपती संभाजीनगरात आणि मराठवाड्यात जे गेम बनवतात, गेमवर व्हिडिओ करतात, कॉलेजांच्या महोत्सवांत गेमच्या स्पर्धा भरवतात, त्या सगळ्यांना हा जाहीर इशारा आहे. डेव्हलपरकडून फुकट घेतलेल्या स्टीम कीज बाजारात विकणं आजपासून थांबवा. दुसऱ्याच्या नावाने कीज मागणं थांबवा. चांगल्या रिव्ह्यूच्या बदल्यात कीज वाटणंही थांबवा. अशा न वापरलेल्या कीज ज्यांच्याकडे पडून आहेत, त्यांनी त्यांची यादी येत्या दिवाळी पाडव्यापर्यंत ज्या त्या डेव्हलपरला पाठवावी. त्यानंतर काय होईल तेही पुढे लिहिलं आहे. ते वाचून घ्या, कारण नंतर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे ऐकून घेतलं जाणार नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगायला हवं, कारण घरोघरच्या आईवडिलांनाही आपला मुलगा खोलीत बसून काय विकतो आहे हे कळलं पाहिजे. आणि इथे विषय रमीचा किंवा पैसे लावून खेळायच्या ॲपचा नाही. त्यावर 2025 मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा करून बंदी आणली. हा विषय त्या खेळांचा आहे जे कुणीतरी वर्षानुवर्षं खपून चित्रपटासारखे घडवतं आणि एकेक प्रत विकून पोट भरतं.

अशा खेळांचं संगणकावरचं सगळ्यात मोठं दुकान म्हणजे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम. 2003 पासून चालू आहे. तिथे गेम लावायचा तर प्रत्येक गेममागे 100 डॉलर भरावे लागतात आणि विक्रीतले 30 टक्के दुकान कापून घेतं. एक कोटी डॉलरच्या पुढे गेलात तर कपात थोडी कमी होते, पण ती सवलत आपल्याकडच्या पोरांपर्यंत पोचणारी नाही. 500 रुपयांचा गेम विकला गेला, तर जीएसटी आणि दुकानाचा वाटा जाऊन बनवणाऱ्याच्या हातात 300 रुपयेही पडत नाहीत.

या दुकानाने डेव्हलपरला एक सोय मात्र मोकळ्या हाताने दिली आहे. तो स्वतःच्या गेमच्या ॲक्टिव्हेशन कीज मागून घेऊ शकतो. इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून पंधरा, पाच-पाचच्या तीन गटांत. ती की ज्याने आपल्या खात्यात टाकली, त्याचा गेम झाला. दुकान त्याचा एक पैसा घेत नाही. डेव्हलपरने ती की दुसरीकडे विकली तरी तिच्यात वाटा मागत नाही, उलट डाउनलोडचा भार स्वतः उचलतं. पत्रकाराला देण्यासाठी, चाचणी घेणाऱ्यासाठी, गेम पूर्ण व्हायच्या आधीच ज्यांनी पैसे दिले त्यांच्यासाठी, दुसऱ्या दुकानात किंवा डब्यात घालून विकण्यासाठी ही सोय आहे.

2017 च्या ऑगस्टमध्ये या सोयीला लगाम बसला. ज्या गेमच्या जेमतेम काही हजार प्रती विकल्या गेल्या त्यासाठी कुणी लाखांनी कीज मागितल्या तर त्या मिळणार नाहीत, मागणी आणि विक्री यांचा मेळ पाहिला जाईल, असं व्हॉल्व्हने डेव्हलपरांना सांगितलं. ही वेळ का आली? स्टीमवर 2013 पासून ट्रेडिंग कार्डं होती. गेम चालू ठेवला तर खात्यात कार्डं जमा होतात, ती बाजारात विकता येतात, आणि प्रत्येक व्यवहारातला छोटा हिस्सा गेम बनवणाऱ्यालाही जातो. मग काहींनी खेळण्यालायक नसलेले गेम रतीबाने टाकायला सुरुवात केली. त्यांच्या हजारो फुकट कीज काढल्या, त्या बॉटच्या खात्यांत घातल्या आणि कार्डांचं पीक काढलं. माणूस एकही खेळत नव्हता. खेळाडूंच्या मतांवर गेम दुकानात घेण्याच्या ‘ग्रीनलाइट’ पद्धतीत मतं मिळवण्यासाठी कीज वाटल्या जात होत्याच. व्हॉल्व्हने 2017 मध्येच कार्डांचे नियम बदलले, ग्रीनलाइट बंद केलं, आणि सप्टेंबरमध्ये सिलिकॉन एको नावाच्या एकाच स्टुडिओचे 170 हून अधिक गेम दुकानातून काढून टाकले.

चोर हाकलले गेले, पण लगाम राहिला. तो राहिला तो प्रामाणिक माणसाच्या तोंडात. आज पहिला गेम काढणाऱ्या, नाव नसलेल्या, विक्रीचा आकडा नसलेल्या संघाला आपली की मागताना आपण लबाड नाही हे सिद्ध करावं लागतं. त्याला मोजून मिळालेल्या कीजवर तुम्ही हात मारता, तेव्हा त्याच्या प्रसिद्धीचं सगळं भांडवलच उचलून नेता.

भांडवल म्हणजे किती, हे पाहायला लांब जायला नको. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ बनवला. हरवलेल्या भावाला शोधत निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले, ते उभे राहिले नाहीत. संस्थापकांवर फ्लॅट विकून काम चालू ठेवायची पाळी आली. 2020 च्या ऑगस्टमध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये संगणकावर आला, आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या स्वतंत्र गेमांच्या नामांकनांत पोचला. महाराष्ट्रात बनलेला गेम तिथवर गेला. असा गेम कुणाच्या तरी टेबलावर पहिल्यांदा पोचतो तो बहुतेक वेळा अशाच एका पंधरा अक्षरांच्या ओळीतून. ती ओळ खऱ्या समीक्षकाच्या हाती न पडता विकणाऱ्याच्या हाती पडली तर घर विकणाऱ्याचं काय होतं, याचा विचार करा.

आता आपल्या शहराकडे येतो. इथल्या एका छोट्या संघाने मला आपली मेलपेटी दाखवली. गेम अजून बाजारात आलेला नव्हता आणि कीज मागणाऱ्यांची रांग लागली होती. नामांकित यूट्यूबरांची नावं, पत्त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे. कुणाला ‘गिव्हअवे’साठी मूठभर कीज हव्यात, कुणाला आपल्या मित्रांसाठी. मुलांनी विश्वास ठेवला आणि दिल्या. गेम आला त्या दिवशी त्यातल्या काही कीज परदेशी रीसेल साइटवर निम्म्याहून कमी किमतीत लागलेल्या होत्या. व्हिडिओ एकही आला नाही. मागणाऱ्यांपैकी निदान काही जण याच शहरातले आहेत, हे त्या मुलांना ठाऊक आहे आणि मलाही.

हे या एकाच संघाच्या बाबतीत घडलं असं नाही. 2016 मध्ये टायनीबिल्ड कंपनीने जाहीरपणे सांगितलं होतं: जीटूए या रीसेल साइटवर आपल्या गेमच्या कीज सुमारे दोन लाख डॉलरना विकल्या गेल्या, दुकानातल्या भावाने त्यांची किंमत साडेचार लाख डॉलर होती. पुढे ‘फॅक्टोरिओ’ बनवणाऱ्या वुब सॉफ्टवेअरच्या कीजची जीटूएने अंतर्गत तपासणी केली. 198 चोरीच्या कीज त्या साइटवर विकल्या गेल्याचं निघालं आणि 2020 मध्ये जीटूएला 39,600 डॉलर भरपाई द्यावी लागली. ‘कोण शोधणार आहे?’ असं ज्यांना वाटतं त्यांनी ही शेवटची ओळ पुन्हा वाचावी. शोधतात, आणि सापडतंही.

हिमरूच्या नावाने यंत्रमागाचं कापड पर्यटकांच्या गळ्यात मारलं गेलं, त्यानंतर या शहरात हिमरूचे हातमाग किती उरले हे इथल्या माणसाला सांगायला नको. नकली माल विकणाऱ्याने कमावलं आणि विणणाऱ्याने माग सोडला. गेमच्या धंद्यात इथे अजून माग लागतायत. राज्य मंत्रिमंडळाने 2025 मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी एव्हीजीसी-एक्सआर धोरण मंजूर केलं, त्यातलं काही मराठवाड्याच्या वाट्याला यावं म्हणून आम्ही भांडणार आहोत. ‘संभाजीनगरहून मेल आला म्हणजे कीज मागणारा भामटा’ अशी ओळख झाली तर कोणत्या तोंडाने भांडायचं?

डेव्हलपर मित्रांनो, तुम्हालाही बोलणं भाग आहे, आणि गोड बोलणार नाही. रिव्ह्यूसाठी मामेभावंडांना, वर्गमित्रांना कीज वाटू नका. 2016 च्या सप्टेंबरपासून कीने घेतलेल्या गेमचा रिव्ह्यू स्टीमच्या एकूण गुणांत धरलाच जात नाही. म्हणजे की वाया, आणि पैसे किंवा की देऊन रिव्ह्यू लिहून घेतल्याचं उघड झालं तर गेमच काढून टाकला जातो. मोठा आकडा दिसावा म्हणून हजारांनी मागू नका. विक्रीशी मेळ नसलेली मागणी नाकारली जाते. चाचणीसाठी स्टीम प्लेटेस्ट आहे, गेमची शिफारस करणाऱ्या क्युरेटरांसाठी क्युरेटर कनेक्ट आहे, त्यात की हाताळावीच लागत नाही. आणि जी की द्याल ती वहीत लिहून द्या: कुणाला, कोणत्या पत्त्यावर, कोणत्या तारखेला. एक की एकालाच. रीसेल साइटवर आपलीच एक की विकत घेऊन वहीशी ताडून पाहिली, तर कुणाच्या हातून ती निसटली ते तिथल्या तिथे कळतं. इथले काही संघ हे करू लागले आहेत. विकणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

महोत्सव भरवणाऱ्या कॉलेजांच्या मुलांनाही सांगतो. ‘प्रायोजकत्व’ म्हणून छोट्या स्टुडिओकडून कीजचा गठ्ठा मागायचा, बक्षिसात चार द्यायच्या आणि उरलेल्या आपापसांत वाटायच्या, ही रीत बंद करा. वाटायच्या तितक्याच मागा आणि विजेत्यांची यादी देणाऱ्याला पाठवा.

दुकानालाही सोडत नाही. व्हॉल्व्हने लबाडांना रोखलं ते योग्यच केलं. पण 30 टक्के घेणाऱ्याने ‘मागणी नाकारली’ एवढ्यावर बोळवण करू नये. कारण लेखी द्यावं, आणि ज्याने वही नीट ठेवली आहे त्याची वही पाहावी. सिडकोतल्या एका खोलीत काम करणाऱ्या मुलीला सिॲटलजवळच्या कचेरीत ओळख काढता येत नाही, म्हणून तिची मागणी खोटी ठरत नाही.

आता मुदतीविषयी. दुसऱ्या कुणाच्या नावाने ईमेल करून की उकळणं म्हणजे खोड्या नव्हेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड नुसार संगणकाच्या साधनाने तोतयागिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 319 तोतयागिरीने केलेल्या फसवणुकीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगतं. मागणारा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी आहे म्हणून कलम बदलत नाही, आणि गुन्ह्याचा खटला न्यायालयात प्रलंबित असेल तर पासपोर्टच्या अर्जात तो सांगावा लागतो.

पाडव्यापर्यंत ज्यांनी न वापरलेल्या कीजची यादी संबंधित डेव्हलपरला पाठवली, त्या कीज रद्द होतील आणि विषय तिथे संपेल. त्यांचं नाव माझ्याकडून कुणाला कळणार नाही. ज्यांनी कीज विकल्या आहेत त्यांनी कुठे विकल्या ते डेव्हलपरला कळवावं आणि आलेले पैसे त्याला द्यावेत. विकलेली की रद्द केली तर ज्याने भोळेपणाने पैसे मोजून ती घेतली त्याचा गेम जातो, म्हणून त्या रद्द करायच्या का, हे डेव्हलपरने ठरवायचं, तुम्ही नाही.

जे गप्प राहतील त्यांच्याविषयीचे मेल, पत्त्यांची मूळ नोंद, कीजच्या वह्या आणि रीसेल साइटवरच्या खरेदीच्या पावत्या ज्या संघांचं नुकसान झालं त्यांच्याकडे जमवून ठेवल्या आहेत. भाऊबीज झाल्यावर कचेऱ्या उघडतील त्या पहिल्या दिवशी हे संघ शहराच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार देतील आणि तीच कागदपत्रं स्टीमकडे पाठवतील. मी त्यांच्यासोबत जाणार आहे. आणखी कुणाची अशी फसवणूक झाली असेल त्यांनी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी आणि आपले मेल पुसू नयेत.