प्रमाणपत्रांचे पीक, प्रश्नांचा दुष्काळ

1921 साली ऑक्सफर्ड येथे ब्रिटिश साम्राज्यातील विद्यापीठांची परिषद भरली. कलकत्ता विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून चंद्रशेखर वेंकट रामन तेथे गेले. त्या सागरप्रवासात भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना अस्वस्थ केले. ही निळाई केवळ आकाशाचे प्रतिबिंब कशी असेल, हा प्रश्न घेऊन ते मायदेशी परतले. त्या प्रश्नाच्या पाठपुराव्यातूनच 28 फेब्रुवारी 1928 रोजी 'रामन परिणाम' गवसला आणि 1930 साली नोबेल पारितोषिक भारतात आले.

आज विद्यापीठांचे विद्यार्थी-प्रतिनिधी परिषदांहून काय घेऊन परततात? बहुतेकदा एक प्रमाणपत्र आणि एक समूहछायाचित्र! शुल्क भरावे, दहा मिनिटांत निबंध वाचावा, अध्यक्षांनी घड्याळ दाखवावे आणि भोजनोत्तर सत्रात रिकाम्या खुर्च्यांनी श्रोते व्हावे, हा परिपाठ झाला आहे.

दोष विद्यार्थ्यांचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांनी पीएच.डी.च्या प्रबंधापूर्वी परिषदांतून दोन निबंध सादर करणे सक्तीचे केले. हेतू विचारमंथनाचा होता. उभा राहिला तो प्रमाणपत्रांचा बाजार. 2022 च्या नियमांत ती सक्ती गेली, परंतु अहवालातील आकडे फुगविण्याची संस्थांची हाव गेली काय?

महाराष्ट्रातील विद्यापीठांसाठी 2006 पासून 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा होते. तीत भित्तिपत्रकासमोर उभे राहून परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड द्यावे लागते. स्पर्धेचे खरे मोल पदकात नाही, या उलटतपासणीत आहे. मात्र आठवडाभर आधी घाईने नावे धाडणारे महाविद्यालय त्या विद्यार्थ्याला नि:शस्त्रच रणांगणात ढकलते. विजेत्याच्या अभिनंदनाचा फलक प्रवेशद्वारावर लावायला पैसा असतो. खेड्यातून आलेल्या, मराठीतून विचार करणाऱ्या गुणी मुलीच्या प्रवासखर्चाला मात्र तरतूद नसते! मग प्रतिनिधित्व गुणवत्तेचे होते की ऐपतीचे?

विद्यापीठाचे नाव छातीवर लावून जाणारा विद्यार्थी त्या संस्थेचा राजदूत असतो. त्याची पहिली परीक्षा स्वगृही, कठोर सहाध्यायांसमोर व्हावी. त्याचा खर्च संस्थेने उचलावा. आणि परतल्यावर त्याला 'बक्षीस मिळाले का?' असे न विचारता 'कोणत्या प्रश्नाने निरुत्तर केले?' असे विचारावे. त्या निरुत्तर क्षणातूनच संशोधक घडतो. प्रमाणपत्र भिंतीवर पिवळे पडते. प्रश्न मात्र माणसाला आयुष्यभर जागे ठेवतो.