विश्लेषण : हायब्रिड गाडीसाठी कोणते पेट्रोल? साधे, ९५ की १००?

होंडा सिटी ई-एचईव्ही, टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा, इनोव्हा हायक्रॉस या हायब्रिड गाड्या २०२२ मध्ये भारतीय बाजारात आल्या. मायलेज चांगले, चार्जिंगची कटकट नाही, त्यामुळे मोठ्या शहरांबाहेरचे ग्राहकही त्यांचा विचार करतात. धाराशिव तालुक्यातील बेंबळीसारख्या गावात चार्जिंगवर विसंबून न राहता धाराशिव, तुळजापूर, लातूर असे जाणे-येणे करायचे असेल, तर हायब्रिड हा सोयीचा पर्याय वाटतो. मात्र गाडी पहिल्यांदा पंपावर गेली की प्रश्न उभा राहतो : एवढी महाग गाडी, मग तिच्यात साधे पेट्रोल टाकायचे की ९५, १०० ऑक्टेनचे? सल्ले भरपूर मिळतात. त्यातले बरेचसे सल्ले ‘ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल ताकदीचे’ या समजुतीवर उभे असतात. ती समजूत चुकीची आहे.

ऑक्टेन म्हणजे नेमके काय?

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण पिस्टनने दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते. दाबामुळे मिश्रण तापते. ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच त्यातला काही भाग आपोआप पेटला, तर इंजिनात टकटक असा आवाज येतो. मेकॅनिक त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. ते सतत होत राहिले तर पिस्टनला इजा होते. हे नॉकिंग रोखण्याची पेट्रोलची क्षमता म्हणजे ऑक्टेन. हा अंक पेट्रोलमध्ये ऊर्जा किती आहे हे सांगत नाही. ते किती दाब सहन करू शकते, एवढेच सांगतो. ज्या इंजिनाला ९१ ऑक्टेन पुरते, त्यात १०० ऑक्टेनचे पेट्रोल टाकल्याने सहसा ताकदही वाढत नाही आणि मायलेजही.

हायब्रिड इंजिनाची गरज वेगळी असते का?

इथे गोंधळ होण्याचे एक कारण आहे. अनेक हायब्रिड गाड्यांच्या माहितीपत्रकात कॉम्प्रेशन रेशो १३ किंवा १४ असा दिसतो. साध्या गाड्यांमध्ये तो बहुधा १० ते १२ च्या आसपास असतो. दाब जास्त, म्हणजे ऑक्टेनही जास्त लागणार, असा तर्क त्यातून निघतो. पण स्ट्राँग हायब्रिड गाड्यांची इंजिने बहुतेक करून ‘अ‍ॅटकिन्सन’ पद्धतीने चालतात. या पद्धतीत पिस्टन वर येऊ लागला तरी आत घेणारा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच राहतो आणि आलेल्या हवेचा काही भाग परत जातो. त्यामुळे प्रत्यक्षात पडणारा दाब कागदावरच्या आकड्यापेक्षा कमी असतो. इंधन वाचते ते या युक्तीमुळे.

टोयोटाची प्रियस हे याचे जुने उदाहरण. १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या या गाडीला अमेरिकेत कंपनी ८७ अंकाचे, म्हणजे तिथले सर्वांत साधे पेट्रोल सुचवते. तिथला ८७ आणि भारतातला ९१ हे साधारण एकाच दर्जाचे पेट्रोल आहे. मोजण्याची पद्धत तेवढी वेगळी. त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाने सांगितलेला आकडा जसाच्या तसा इथल्या पंपावर लावू नये.

दुसरी गोष्ट मोटरची. नॉकिंगचा धोका कमी वेग आणि जास्त भार असताना अधिक असतो. तुळजापूरच्या घाटात गाडी भरून चढवताना नेमके तेच होते. हायब्रिडमध्ये अशा वेळी विजेची मोटर हातभार लावते आणि इंजिनावरचा ताण हलका होतो. शिवाय आजच्या इंजिनात नॉक सेन्सर असतो. तो नॉकिंगची चाहूल लागताच ठिणगीची वेळ बदलतो.

‘स्मार्ट हायब्रिड’ किंवा माइल्ड हायब्रिड म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांत मोटर छोटी असते आणि इंजिन जवळपास नेहमीचेच. त्यांनाही इंधनाचा नियम साध्या पेट्रोल गाडीचाच लागू होतो.

पंपावर आज कोणते पेट्रोल मिळते?

बीएस-६ मानकांनी साध्या पेट्रोलचे किमान ऑक्टेन ९१ ठरवले होते. आता बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल मिळते. इथेनॉलचे ऑक्टेन सुमारे १०८ असल्याने ते मिसळले की पेट्रोलचा अंक वर जातो. ई-२० चे ऑक्टेन ९५ आहे, असे केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे ज्या हायब्रिड गाडीला ९१ पुरते, तिला साध्या नोझलमधूनच गरजेपेक्षा जास्त ऑक्टेन मिळत आहे.

जास्तीचे पैसे मोजून काय मिळते?

एखादी गाडी वर्षाला १२ हजार किलोमीटर चालते आणि लिटरला २० किलोमीटर देते असे धरले, तर ६०० लिटर पेट्रोल लागते. प्रीमियम पेट्रोल लिटरमागे १० रुपयांनी महाग असेल तर वर्षाला सहा हजार रुपये जादा जातात. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे एक क्विंटलहून अधिक सोयाबीन गरज नसलेल्या ऑक्टेनवर खर्च झाले. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलचा फरक तर याच्या कितीतरी पट आहे. प्रीमियम पेट्रोलमध्ये इंजिन स्वच्छ ठेवणारी द्रव्ये असतात, हे खरे. पण त्यासाठी प्रत्येक वेळी टाकी त्यानेच भरण्याची गरज नाही. प्रीमियम म्हणजे इथेनॉल नसलेले, असेही गृहीत धरू नये.

मग लक्ष कशाकडे द्यावे?

पहिले, इंधन टाकीच्या झाकणामागचे स्टिकर आणि गाडीसोबतची पुस्तिका. किमान ऑक्टेन किती आणि ई-२० चालते का, या दोन्हींची उत्तरे तिथेच असतात. पुस्तिकेत ९५ लिहिले असेल तर ९५ च टाकावे. एप्रिल २०२३ पूर्वीची सेकंडहँड हायब्रिड घेताना ई-२० बाबत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे विचारणा करावी.

दुसरे, पाणी. इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पाणी मर्यादेपेक्षा जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो. म्हणून बाटलीतले सुटे पेट्रोल टाळावे. गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवू नये. हायब्रिड कमी पेट्रोल पिते, त्यामुळे टाकीत पेट्रोल जास्त दिवस राहते, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरे, मायलेजचा हिशेब. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई-२० साठी जुळवलेल्या गाडीत मायलेज एक-दोन टक्के घटेल, जुन्या गाडीत सहा-सात टक्क्यांपर्यंत, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात होता. ही घट ऑक्टेनमुळे होत नाही, त्यामुळे ऑक्टेन वाढवून ती भरूनही निघत नाही.

पंपावर अंक दिसायला हवा

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय द्यावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. इथेनॉलला ऊस उत्पादकांच्या हिताची बाजू आहे आणि धाराशिवसारख्या ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात ती कोणी नाकारणार नाही. पण पर्याय नसला तरी माहिती तरी मिळायला हवी. प्रत्येक नोझलवर ऑक्टेन किती आणि इथेनॉल किती टक्के, हे मराठीत, ठळक अक्षरांत लिहिणे तेल कंपन्यांना अवघड नाही. आज ग्राहकाला ब्रँडचे चकचकीत नाव आधी दिसते आणि त्यामागचा अंक शोधावा लागतो. अंकापेक्षा नाव मोठे असते, तेव्हा महाग म्हणजे चांगले हा समज पक्का होतो आणि त्याची किंमत बेंबळीसारख्या गावातला गाडीमालक दर टाकीला मोजतो. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरच्या मापाची पडताळणी मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. नोझलवरचा अंक हा त्याच हक्काचा पुढचा भाग मानला पाहिजे.